द्या काय द्यायचं ते

अख्खं स्वयंपाकघर फोडून नवं करायचं असेल, तर पुण्यात माणसांना तोटा नाही. नुसता विचार चारचौघांत बोलून दाखवा, दुसऱ्या दिवशी टेप घेऊन माणूस दारात हजर. तो ओट्याची मापं घेतो, लॅपटॉपवर तुमचंच घर तुम्हाला ओळखू येणार नाही इतकं देखणं करून दाखवतो, चहा घेतो आणि चार लाखांचं कोटेशन ठेवून जातो. पण तुमचा नुसता नळ गळत असेल, तर या शहरात तुम्हाला कोणी नाही.

आमच्या घरातली सगळी कामं नेमकी याच आकाराची होती. न्हाणीघरातला नळ कितीही आवळला तरी थेंब सोडायचा. बेडरूमचं दार पावसाळ्यात फुगायचं आणि दिवाळीपर्यंत लागायचं नाही. पॅसेजमधला पंखा काठीने ढोसल्याखेरीज फिरायला राजी नसे. आणि निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ कपाटावर उताणं पडून छताला वेळ दाखवत होतं. "यातलं एकही काम अर्ध्या तासाच्या वरचं नाही," असं मी बायकोला वारंवार सांगत असे. ती त्यावर काही बोलत नसे. रात्रभर नळाखाली बादली ठेवायची आणि सकाळी ती भरलेली बादली मला दिसेल अशी पॅसेजमध्ये आणून ठेवायची, एवढंच.

मी बँकेत कर्ज विभागात होतो. कारखान्याला बॉयलर घ्यायचा असला, तर सांगितलेली किंमत वाजवी की फुगवलेली यावर मी लांबलचक टिपण लिहीत असे आणि त्या टिपणावर कोटींची कर्जं पुढे सरकत. हे इथेच सांगून ठेवतो. पुढचं वाचताना बँकांच्या थकीत कर्जांबद्दलही वाचकाला थोडाफार उलगडा झाला, तर तेवढीच समाजसेवा.

सोसायटीत माणूस शोधायची पहिली पायरी म्हणजे वॉचमन. आमच्या वॉचमनच्या वहीत 'प्लंबर', 'प्लंबर नवा' आणि 'प्लंबर उचलत नाही' अशा तीन नोंदी होत्या. पहिला गावी गेला होता, नव्याने हा धंदा सोडून रिक्षा घेतली होती. तिसऱ्याने मात्र उचलला, पण "कोण बोलतंय?" एवढं विचारून ठेवून दिला.

मग चौकातलं हार्डवेअरचं दुकान. सकाळी नऊच्या सुमारास त्या दुकानाच्या पायऱ्यांवर आमच्या भागाचं सेवायोजन कार्यालय भरतं. पिशवीतून पाइप पाना डोकावतोय, कानावर पेन्सिल, हातात कटिंग, अशी सात-आठ मंडळी तिथे असतात. मी गेलो की सगळ्यांनी आदराने पाहिलं. दुकानदाराने विचारलं, "काय काम आहे, काका?" आणि मी खरं बोललो. "एक नळ गळतोय." पायऱ्यांवरच्या सगळ्या माना एकदम रस्त्याकडे वळल्या. एकजण दयाळू होता, तो म्हणाला, "बघतो संध्याकाळी."

या दयाळू माणसाचा नंबर घेऊन मी घरी आलो. त्यानंतर केव्हाही फोन केला, तरी तो "आलोच, चौकात आहे" असं म्हणायचा. पुण्यात चौक पुष्कळ आहेत, त्यामुळे तो खोटं बोलत होता असं मला म्हणता येत नाही.

तो यायच्या आत आपणच नळ करून टाकावा, असं माझ्या मनात आलं आणि मी स्पिंडल आणायला थेट बोहरी आळी गाठली. चौकातला दुकानदार कोपऱ्यावरचा म्हणून चाळीस रुपये जास्त लावतो, असं माझं मत होतं. रविवार पेठेतल्या त्या गल्लीत घराला लागणारी कुठलीही वस्तू मिळते, फक्त तिथवर पोचलेला माणूस धड परत मिळावा लागतो. रिक्षाचे झाले ते झाले. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "शॉर्ट का लाँग? अर्धा फिरतो का पूर्ण? कुठल्या कंपनीचा?" मी म्हणालो, "साधा." तो म्हणाला, "नमुना आणा." माझ्या मागे गिऱ्हाइकांची रांग होती आणि प्रत्येकाच्या हातात आपापला गंजलेला नमुना होता. इतकी तयारी केलेली माणसं मी कर्ज मागायला आलेल्यांतही पाहिली नव्हती.

नमुना काढायचा, तर आधी पाणी बंद करायला हवं. न्हाणीघरातला कॉक वीस वर्षं कोणी फिरवला नव्हता, तो आता माझ्यासाठी फिरणार नव्हता. म्हणून मी गच्चीवर गेलो. टाकीखाली व्हॉल्व्हची एक ओळच होती आणि कोणता कोणाचा हे कुठे लिहिलेलं नव्हतं. अशा वेळी जोखीम पत्करायची नाही, हे बँकेने मला शिकवलेलं. मी सगळे बंद केले. खाली येऊन पक्कड नळाला लावतोय, तोवर जिन्यात आवाज वाढले. चौथ्या मजल्यावरचे काका कमरेला टॉवेल आणि डोक्याला फेस अशा अवस्थेत दारात उभे होते. ते आमच्या सोसायटीचे माजी अध्यक्ष आहेत आणि त्या अवस्थेतही तसेच दिसत होते.

त्या पकडीने मी नळाला जे केलं, त्यामुळे आधी नुसते थेंब सोडणारा नळ आता बारीक धार सोडू लागला. योगायोग असा, की त्याच सुमाराला दयाळू प्लंबर खरोखरच चौकातून आला.

त्याने पिशवी खाली ठेवली, नळाकडे पाहिलं आणि या जातीचा प्रत्येक कारागीर आल्या आल्या विचारतो तो प्रश्न विचारला. "हे कोणी केलंय?"

डॉक्टर आधीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीबद्दल एवढं बोलत नाहीत. पण प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी यांना मागच्या माणसाचं काम पाहून मान हलवल्याशिवाय हत्यार उचलताच येत नाही. नळाच्या चकचकीत नटावर माझ्या पकडीचे दात स्वच्छ उमटलेले होते. "आधीचा प्लंबर," मी म्हणालो. "तरीच," तो म्हणाला.

पुढचं मी अगदी जवळून पाहिलं, कारण न्हाणीघरात लांब उभं राहायला जागाच नाही. त्याने बंद पडलेल्या कॉकला पान्याच्या मागच्या बाजूने चारी अंगांनी हलक्या टिचक्या मारल्या. मग दोन बोटं पाइपवर वैद्याने नाडी बघावी तशी ठेवली आणि कॉक मुकाट्याने फिरला. गच्ची नाही, माजी अध्यक्ष नाहीत. नटावर त्याने आधी एक फडकं गुंडाळलं, मग वरून पाना लावला. दात उमटू नयेत म्हणून. जुना स्पिंडल काढून उजेडात धरला, आत बोट फिरवून साचलेला क्षार खरवडून काढला. मग नमुना घेऊन तो चौकातल्या दुकानात जाऊन आला. नव्या स्पिंडलच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप त्याने आटे ज्या दिशेने बसतात त्याच दिशेने गुंडाळली. आधी हाताने आवळलं आणि शेवटी पान्याने जेमतेम पाव फेरा. "जास्त आवळू नका काका, आवळल्याने नळ बंद होत नसतो. उलट आतलं रबर मरतं." वीस वर्षं मी रोज रात्री ते रबर मारत आलो होतो.

थेंब थांबला. मी विचारलं, "किती झाले?"

"स्पिंडलचे एकशे ऐंशी. बाकी द्या काय द्यायचं ते."

कर्ज विभागातल्या सबंध नोकरीत असा प्रस्ताव माझ्यापुढे आला नव्हता. तिथे आकडा समोरचा सांगायचा आणि कापायचो मी. इथे समोरच्याने कोरा कागदच माझ्या हातात ठेवला. कमी द्यावेत तर कद्रू ठरणार आणि पुढच्या वेळी 'प्लंबर उचलत नाही' अशी चौथी नोंद होणार. जास्त द्यावेत तर भोळसट, शिवाय चौथ्या मजल्यावरचे काका होतेच. सोसायटीतले भाव खाली ठेवणं हे त्यांनी निवृत्तीनंतर व्रत म्हणून घेतलं आहे. कोणी नळाला दोनशे दिले असं कानावर आलं, की ते त्याला लिफ्टमध्ये गाठतात आणि "तुमच्यासारख्यांनीच यांना चढवून ठेवलंय" असं तळमजला येईपर्यंत ऐकवतात.

माझ्या डोक्यातला कारकून कामाला लागला. याची दिवसाची हजेरी हजार रुपये धरू. दिवस आठ तासांचा. प्रत्यक्ष हात चालले सात मिनिटं. म्हणजे पंधरा रुपये. हा आकडा माझ्या तोंडून बाहेर पडला नाही, ही पूर्वजांची पुण्याई.

मग दुसरा हिशेब सुरू झाला आणि तो थांबेचना. हा वारज्याहून गाडीवर आला. गेटवर फोटो काढून नोंद झाली, मोठ्या लिफ्टमधून येऊ दिलं नाही, सामानाच्या लिफ्टची वाट बघत उभा राहिला. मग दुकान, परत गेट, परत लिफ्ट. माझ्या सात मिनिटांसाठी त्याची अख्खी सकाळ मोडली. साइटवर गेला असता तर तीच सकाळ सरळ हजेरीत लागली असती, आणि वर "काका, बादली बाजूला घेता का" असं माझ्यासारख्याला विनवावं लागलं नसतं. पायऱ्यांवरच्या माना रस्त्याकडे का वळल्या, ते मला तेव्हा कुठे पैशांत दिसलं. आणि तो स्पिंडल? त्यात दुकानदाराने त्याच्यासाठी वीसतीस रुपये सोडलेले असणार. हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यावर सगळे चिडतात. पण कोणी नुसत्या येण्याचे पैसे मागितले, की आपण "काम न करता कसले पैसे?" म्हणून त्याला उंबऱ्यावरूनच परत लावतो. मग ते येण्याचे पैसे बिचारे स्पिंडलमध्ये जाऊन बसतात. दुसरीकडे कुठे बसणार?

हिशेब पटला म्हणून हात सैल होतो असं मात्र नाही. पूर्वी निदान नोटेची घडी होती. माणूस आत जायचा, बायकोशी कुजबुजायचा, बाहेर येऊन घडी केलेली नोट कारागिराच्या मुठीत दाबायचा आणि ती उलगडेपर्यंत दार लावून घ्यायचा. २०१६ साली यूपीआय आलं आणि ही सोय गेली. आता त्याच्या फोनवरचा चौकोन माझ्या फोनला दाखवला जातो आणि आकडा त्याच्या डोळ्यांदेखत टाइप करावा लागतो. स्पिंडल धरून मी आधी २८० लिहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. म्हणजे कॅलेंडरकडे अजिबात बघत नव्हता. मी ते खोडून ३३० केलं. कॅलेंडरवर बहुधा चतुर्थी होती, तो तिच्यावरच खिळून राहिला. मी म्हणालो, "चहा घेणार ना?" मध्यमवर्गीय घरांत चहा हा पन्नास रुपयांच्या बदल्यात देण्याचा प्रघात आहे. तो म्हणाला, "नको, आत्ताच झाला." मार्ग खुंटला. मी ४८० केलं आणि घाबरून पिन चुकीचा दाबला. दुसऱ्यांदा बरोबर दाबला. त्याचा फोन मोठ्याने आकडा बोलला आणि नेमकी त्याच वेळी लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबून दार उघडलं. आत माजी अध्यक्ष होते.

ही फजिती मुलीला फोनवर सांगितली. ती बंगळुरूला असते आणि आईवडिलांच्या प्रत्येक दुखण्यावर तिच्याकडे ॲप असतं. पंख्यासाठी तिने परस्पर माणूस पाठवला. गणवेशातला मुलगा आला, बुटांवर पिशव्या चढवल्या आणि कंडेन्सर बदलून पंखा सुरू केला. भेटीचे एवढे, कामाचे एवढे, सामानाचे एवढे, सगळं फोनवर आधीच छापलेलं. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. पण तो जायला निघेना. "काका, पाच स्टार देता का? चारला आम्हाला कामं कमी येतात." म्हणजे भाव ठरवायचं काम परत माझ्याकडेच आलं, फक्त रुपयांऐवजी ताऱ्यांत. मी दिलेल्या पैशांतले तुझ्या हातात किती पडतात, असं विचारलं, तर तो नुसता हसला आणि बुटांवरच्या पिशव्या काढू लागला.

साताऱ्याकडच्या गावात माझ्या आजोबांना हा प्रश्न पडत नव्हता. सुतार वर्षभर नांगर, कुळव, तिफण दुरुस्त करायचा आणि सुगीला खळ्यावरून आपला वाटा उचलायचा. कोणत्या बलुतेदाराचा हक्क काय, हे सगळ्या गावाला ठाऊक असे. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या 'गावगाड्या'त या देण्याघेण्याची तपशीलवार हकिगत आहे, आणि मी ती ॲपचा मुलगा गेल्यावर तडक कपाटातून काढून वाचायला घेतली. किती छान व्यवस्था, असं बायकोला सांगायला गेलो. तिने दया पवारांचं 'बलुतं' माझ्या आधी वाचलेलं होतं. "गावाने ठरवलेला भाव घेणाऱ्याला विचारून ठरवला होता का?" असं विचारून ती कणीक मळायला लागली. मी पुस्तक परत कपाटात ठेवलं. त्यावर उताणं घड्याळ होतंच.

त्या घड्याळाने पुढचा सगळा घोळ केला. एका खिळ्यासाठी माणूस बोलवायचा, मग 'द्या काय द्यायचं ते', मग चतुर्थी, हे सगळं टाळायचं तर स्वतःचं हत्यार हवं. दसऱ्याच्या सेलमध्ये मी अडीच हजारांचं ड्रिल मशीन घेतलं. सोबत रॉल प्लग आणि वेगवेगळ्या जाडीच्या बिटांची पेटी आली. चार मिनिटांचा व्हिडिओ पाहिला. त्यातल्या माणसाने भिंतीत भोक असं पाडलं, की भिंतीलाच ते हवं होतं असं वाटावं.

घड्याळ कुठे लावायचं यावर मी बराच विचार केला. हॉलमध्ये स्विचबोर्डाच्या बरोबर वर, मधोमध जागा होती. बोर्डाची आणि घड्याळाची मध्यरेषा एक आली असती. मी स्पिरिट लेव्हल लावून खूण केली, बायकोला लांबून बघायला लावलं, आणि मशीन सुरू केलं. प्लास्टर गेलं, वीट लागली, मग एकदम काहीतरी मऊ लागलं. मऊ लागलं म्हणून मला आनंद झाला. पुढच्या क्षणी भिंतीतून एक निळी ठिणगी आली, फट् असा आवाज झाला आणि अर्धं घर अंधारात गेलं. मशीनचं अंग प्लास्टिकचं होतं, म्हणून हा लेख माझ्याच नावाने छापला जातोय.

बायको मेणबत्ती घेऊन आली. तिने भिंतीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. तिने कामाच्या मावशींना फोन लावला. मावशींचा भाचा वायरिंग, प्लंबिंग, दारंखिडक्या, सगळी फुटकळ कामं करतो, ही माहिती आमच्या घरात गेली कित्येक वर्षं रोज सकाळी येऊन भांडी घासून जात होती. बायकोने त्याच्याशी बोलताना आधी घरभर फिरून कामं सांगितली. दार, घड्याळ, सिंकखालचा पाइप, खिडकीची जाळी, पडद्याचा रॉड आणि 'हॉलमध्ये लाइट गेलेत'. मग विचारलं, "या सगळ्याचे किती घ्याल?" पलीकडून उत्तर आलं, "अर्धा दिवस लागेल, काकू. सातशे. सामान वेगळं." "या उद्या," ती म्हणाली. मी मेणबत्तीशेजारी उभा राहून हा व्यवहार ऐकत होतो. टिपण नाही, कॅलेंडर नाही. भाव विचारायचा तो काम व्हायच्या आधी, ही कल्पना मी बॉयलरला लावत आलो होतो. नळाला ती चालते हे कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आला. दार बिजागऱ्यांतून उतरवून त्याने खालच्या कडेला रंधा मारला. बाकीची कामं झाली आणि शेवटी तो हॉलमधल्या भोकापाशी आला. छिन्नीने थोडं प्लास्टर उडवलं. आत पाइप फुटलेला होता आणि दोन वायरी एकमेकींना चिकटून काळ्या पडल्या होत्या.

"हे कोणी केलंय?"

"आला होता एकजण," मी म्हणालो.

"बोर्डाच्या बरोबर डोक्यावर? वायर वरूनच तर उतरते बोर्डात! मी आयटीआयला दोन वर्षं वायरमन ट्रेड केलाय काका, पण हे कळायला आयटीआय लागत नाही." त्याने जळकी वायर कापून बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. "किती घेतले त्याने?"

"अडीच हजार," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

त्याने टेस्टर खाली ठेवला. "एका भोकाचे? काकू, असल्या माणसाला परत घरात घेऊ नका."

"आता या वयात कुठे पाठवू त्याला?" बायको म्हणाली.